आखाजी ते आखाजी

वैशाख शुद्ध तृतीयेला उर्वरित महाराष्ट्र अक्षय्य तृतीया म्हणतो, खान्देशात ती आखाजी. आणि आखाजी म्हटली की माहेरी आलेल्या लेकी, निंबाच्या फांदीला बांधलेले झोके, पितरांच्या नावाने भरलेली घागर आणि खापरावर भाजलेले मांडे हे सारे डोळ्यांसमोर उभे राहते. पण त्याच दिवशी, त्याच घराच्या ओट्याच्या पायरीवर, आणखी एक मनुष्य बसलेला असे, आणि सणाची रसभरित वर्णने करणाऱ्यांचे त्याच्याकडे सहसा लक्ष गेलेले नाही. तो त्या घरचा सालदार. त्याचे साल आखाजीला सुरू होई आणि पुढच्या आखाजीला संपे. पंचांगात संवत्सराचा आरंभ कोठे का असेना, त्याच्या आयुष्यातले नववर्ष याच दिवशी उगवे.

ओट्यावरचा तो व्यवहार पाहण्यासारखा असे. मालक लोडाला टेकलेला, मध्ये गावातला कोणी वजनदार मध्यस्थ, आणि पायरीवर सालदार, बहुधा खाली पाहणारा. प्रथम गेल्या सालाचा हिशेब निघे: अमुक दिवस तापाने पडून होता, अमुक दिवस बहिणीच्या लग्नाला गेला, असे खाडे मोजले जात आणि ते रकमेतून वजा होत. मग पोळ्याला घेतलेली उचल, बाळंतपणाला घेतलेली उचल, मयतीला घेतलेली उचल. बेरीज-वजाबाकी संपली म्हणजे अनेकदा असे निघे की वर्षभर राबून सालदाराकडेच मालकाची काही बाकी आहे, आणि ती फेडावयाची तर दुसरे साल धरण्यावाचून गत्यंतर नाही. नव्या सालाची रक्कम ठरे, तिच्याबरोबर काही मण दादर ज्वारी, एक धोतरजोडी, वहाणा, क्वचित घोंगडी ठरे. विसाराचे चार पैसे हातावर पडत आणि मध्यस्थ उठे. या साऱ्यात एक गोष्ट कोणी बोलूनही दाखवीत नसे: सालदाराच्या बायकोने रोज पहाटे येऊन गोठ्याचे शेण काढावयाचे, आणि त्याचे वेगळे मोल नाही. ते साल या शब्दाच्या पोटातच धरलेले असे.

पिंप्राळे आज जळगाव शहराला पुरते चिकटून गेले आहे, आषाढी एकादशीच्या विठ्ठलाच्या रथापुरते आपले गावपण त्याने राखले आहे इतकेच. पण शहर आणि शेत यांच्या सीमेवरचे असे गाव मजुरीचा इतिहास पाहावयास मोठे सोयीचे असते, कारण तेथे एकाच आळीत सालाने बांधलेला गडी आणि हप्त्याने पगार घेणारा कामगार शेजारी शेजारी राहतो, आणि दोघांच्याही चुलीवर तीच दादरची भाकरी भाजली जाते.

हा शेजार घडविला तो कापसाने. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि खान्देशच्या काळ्या जमिनीचे भाग्य अकस्मात उजळले. त्याच दशकात भुसावळ-जळगावावरून लोहमार्ग गेला, आणि पाठोपाठ जिन, प्रेस आणि गिरण्यांची धुराडी उभी राहिली. जळगावात मुळजी जेठा यांच्या नावाशी निगडित खान्देश मिल, अमळनेरात प्रतापशेठांची प्रताप मिल. गिरणीच्या भोंग्याने मजुराला एक नवी गोष्ट शिकविली: दिवसाचा भाव असतो, तासाचाही असतो आणि तो आकड्यांत मांडता येतो. शेतातल्या गड्याला मात्र हे शिक्षण मिळावयास पुष्कळ काळ जावा लागला.

डिसेंबर १९३६ मध्ये तापीपलीकडे फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू, आणि बांबू-तट्ट्यांच्या त्या टिळकनगराची सजावट नंदलाल बोस यांच्या हातची. खान्देशी माणूस फैजपुराचा उल्लेख करतो तो याच अभिमानाने, आणि तो रास्तही आहे. परंतु त्या मंडपात जो शेतीविषयक कार्यक्रम संमत झाला, त्यातले एक कलम फारसे कोणाच्या स्मरणात नाही. सारा कमी करावा, कर्जाचा बोजा हलका करावा, कुळांना संरक्षण द्यावे या कलमांच्या गर्दीत एक कलम असेही होते की, शेतमजुरांना निर्वाहापुरते वेतन आणि कामाच्या योग्य अटी मिळाव्यात अशी तरतूद कायद्याने करावी. मंडपाबाहेर बैलगाड्या सोडून जे गडी दिवसभर बैलांपाशी बसून राहिले असतील, त्यांच्यासंबंधी आत काही ठरले आहे हे त्यांना कोणी सांगितले असेल असे वाटत नाही. सांगितले असते, तरी आखाजीच्या ओट्यावर ते कलम कसे उच्चारावे हा प्रश्न उरलाच असता.

ठरावापासून कायद्यापर्यंतचा प्रवास बारा वर्षांचा झाला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ११ एप्रिल १९४६ रोजी मध्यवर्ती विधिमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडले. गावगाड्यातली वतनी चाकरी, तिच्या मोबदल्यात पदरात पडणारे बलुते आणि त्या मोबदल्याला कसलेही मोजमाप नसणे, याची ज्यांना जन्मापासून ओळख, त्यांच्या हातून हे विधेयक सभागृहात यावे हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही. स्वातंत्र्यानंतर ते संमत झाले आणि १५ मार्च १९४८ पासून किमान वेतन अधिनियम अंमलात आला. त्याला जोडलेल्या अनुसूचीचे दोन भाग होते. पहिल्या भागात बारा धंदे: तांदूळ, पीठ आणि डाळीच्या गिरण्या, विडी, तेलाच्या गिरण्या, रस्ते आणि इमारती, खडी फोडणे, कातडी कमावणे, इत्यादी. दुसऱ्या भागात एकच, शेती. पहिल्या भागातले धंदे जळगावकराला आपल्याच गल्लीतले वाटावेत असे होते. डाळीच्या कारखान्यांनी तर या गावाला देशभर नाव दिले. पण दुसऱ्या भागाची कथा निराळी. शेतमजुरीचे दर तीन वर्षांच्या आत ठरवावेत असे अधिनियमात म्हटले होते; ती मुदत सरली, मग वाढविण्यात आली, पुन्हा सरली, पुन्हा वाढली, आणि असे करता करता १९६१ मध्ये मुदतीची अटच काढून टाकण्यात आली. सरकारी दप्तरात दिरंगाईला मरण नसते, तिला फक्त दुरुस्ती-अधिनियमाचा क्रमांक मिळतो.

तोवर शहरातल्या मजुरीचे शास्त्र बरेच पुढे गेले होते. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसाने १९२१ पासून लेबर गॅझेट चालविले होते, आणि त्यात मुंबई-सोलापुराच्या जोडीला जळगावच्या कामगारवर्गाच्या राहणीखर्चाचा निर्देशांकही छापला जाई. ऑगस्ट १९३९ चे भाव शंभर धरावयाचे आणि पुढे महिन्यामागून महिना तो आकडा कसा चढतो ते पाहावयाचे. याचा अर्थ असा की, जळगावच्या बाजारात डाळ काय भावाने, ज्वारी काय भावाने, रॉकेल काय भावाने, याची टिपणे सरकारी माणूस नेमाने घेत होता. पुढे १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाच्या गरजेचे माप ठरविले: कमावणाऱ्यासह कुटुंब तीन उपभोग-एककांचे धरावे, प्रौढाला दिवसाला २७०० उष्मांक, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि जळण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या वीस टक्के. ७२ वार म्हणजे माणशी अठरा वार. लुगडे नऊ वारांचे, म्हणजे बाईला वर्षाला दोन लुगडी, आणि मग चोळीचे काय, असा प्रश्न त्या परिषदेत कोणा गृहिणीने विचारला असता तर बरे झाले असते. पण त्या काळी अशा परिषदांना गृहिणींना कोणी बोलावीत नसे. तरीही हे माप मोलाचे होते. गरिबाला किती पुरते हे देणाऱ्याच्या अंतःकरणावर न सोपविता कापडाच्या वारांत आणि अन्नाच्या उष्मांकांत बसविणे, हीच मुळी क्रांती होती. फक्त ते माप ओट्याच्या पायरीपर्यंत पोहोचत नव्हते.

ते तेथवर नेण्याचा उद्योग झाला तो जुन्या पश्चिम खान्देशात, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहादे तालुक्यात. तापीकाठची ही जमीन अतोनात सुपीक; पाण्याच्या सोयी आल्या, ऊस आणि केळी आली, सहकारी साखर कारखाना आला, आणि ज्या भिल्लांच्या ताब्यातून एक-दोन पिढ्यांत ही जमीन गेली होती, तेच त्या जमिनीवर सालदार म्हणून राबू लागले. बागायतदारांनी पीकसंरक्षक संस्था काढल्या, त्यांचे पगारी राखणदार शेतांतून फिरू लागले, आणि चार कणसे मोडल्याच्या संशयावरून आदिवासी स्त्री-पुरुषांना मार खावा लागे. २ मे १९७१ रोजी पाटीलवाडी येथे धान्याच्या कारणावरून जमीनदारांच्या जमावाने आदिवासींवर बंदुका चालविल्या, आणि शहाद्याचे नाव मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांत झळकले.

या मुलखात पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती, लोकांच्या तोंडी अंबरसिंग महाराज, आधीपासूनच आपल्या भिल्ल बांधवांत भजनाच्या आणि व्यसनमुक्तीच्या वाटेने जागृती करीत होते. सर्वोदयी कार्यकर्ते त्यांच्या मदतीस होते. पाटीलवाडीनंतर शहरांतून काही तरुण आले, त्यांत इंजिनीअरची पदवी बाजूस ठेवून आलेले कुमार शिराळकर एक. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. भूमुक्ती हा शब्द मोठा, त्याचा ध्वनीही मोठा. परंतु माझ्या मते संघटनेचे खरे शौर्य तिच्या लहान मागण्यांत होते. सालदाराला आठवड्याची सुटी हवी. कामाचे तास ठरलेले हवेत. त्याच्या बायकोने गोठ्याचे शेण काढले तर तिला त्याचे वेगळे पैसे हवेत. आजारपणाचा खाडा कापता कामा नये. आणि ही बोलणी एकेका ओट्यावर एकेकट्याने न होता, साऱ्या गावच्या सालदारांची एकदम, आखाजीच्या तोंडावर व्हावीत. मालकांच्या रोषाचे कारणही रकमेपेक्षा हे अधिक असावे: सालाचा करार पायरीवरून उठून चव्हाट्यावर आला होता. अंबरसिंग महाराज १९७४ मध्ये अकाली वारले, पण चव्हाट्यावर आलेला करार परत पायरीवर गेला नाही.

येथे मला दूरच्या एका गावाची आठवण होते. इंग्लंडात १९०९ च्या ट्रेड बोर्ड कायद्याने पहिल्यांदा काही धंद्यांचे किमान दर ठरले. क्रॅडली हीथ येथे परसातल्या भट्टीवर साखळ्या घडविणाऱ्या बायकांची मजुरी त्यामुळे सुमारे दुप्पट व्हावयाची होती. मालकांनी काय केले? वाढीव दर तूर्त नको असे लिहिलेल्या कागदांवर बायकांच्या निशाण्या आणि सह्या घेतल्या. त्यांतल्या कित्येकींना काय लिहिले आहे ते वाचताही येत नव्हते. मेरी मॅकार्थर हिच्या नेतृत्वाखाली १९१० मध्ये त्या दहा आठवडे संपावर बसल्या, तेव्हा कुठे कायद्यातला आकडा त्यांच्या हातात आला. क्रॅडली हीथची भट्टी आणि शहाद्याचा गोठा यांत सात समुद्रांचे अंतर आहे. अंगठ्याची गोष्ट मात्र एकच आहे.

तथापि केवळ संघटनेने खान्देशातला सालदार सुटला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १९७२ चा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, गुरे कवडीमोलाने विकली गेली, आणि मे १९७३ मध्ये महाराष्ट्रभर सुमारे पन्नास लाख माणसे सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडीत आणि माती वाहत होती. त्या कामाच्या आठवणी अजून खान्देशात ऐकावयास मिळतात: उन्हात बसून फोडलेल्या खडीचे ढीग, मातीकामाच्या मोजून दिलेल्या चौकड्या, लाल मिलो ज्वारीच्या भाकऱ्या, पोरांना दिलेली सुकडी, आणि हजेरीपटावर स्वतःच्या नावापुढे उठलेला अंगठा. स्वतःच्या नावापुढे, हे महत्त्वाचे. सालात बाईचे नाव नव्हते; मस्टरवर ते होते, आणि ज्या ढिगाचे जे मोल ते पुरुषाने फोडला काय आणि बाईने फोडला काय, सारखेच होते.

या कामांमागची कल्पना सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांची. १९६० पासून १९७८ पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. जो काम मागेल त्याला सरकारने काम दिले पाहिजे, हा विचार त्यांनी आधी आपल्या तासगाव तालुक्यात १९६५ मध्ये अजमावून पाहिला आणि मग मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या गळी उतरविला. शेतमजुरांच्या किमान वेतनाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचेही अध्यक्ष तेच होते, आणि १९७३ मध्ये तिचा अहवाल आला. त्यानंतर राज्याची परिमंडळे पाडून शेतमजुरीचे दर जाहीर झाले. म्हणजे एकाच माणसाच्या टेबलावर एका बाजूस मजुरीचा दर आणि दुसऱ्या बाजूस कामाची हमी असे दोन कागद होते. या दोन कागदांचे नाते ज्याला समजले त्याला किमान वेतनाचे मर्म समजले, असे मी म्हणेन. दर कितीही जाहीर करा, तो नाकारून मजुराला जावयास दुसरी जागा नसेल तर जाहीरनामा चावडीच्या भिंतीवर पिवळा पडतो. पण गावच्या शिवारात पाझर तलावाचे काम निघाले असेल, आणि तेथे सायंकाळी अमुक रुपये पडतात हे ठाऊक असेल, तर ओट्याच्या पायरीवरचा मनुष्य मान वर करून बोलतो. तालुक्याच्या निरीक्षकाची वर्षाकाठची एक फेरी जे करू शकत नाही, ते शेजारच्या तलावाचे काम रोज करीत असते.

रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरांतल्या नोकरदारांकडून १९७५ पासून वसूल होऊ लागलेल्या व्यवसाय कराचा पैसा त्यामागे होता. जळगावच्या कारकुनाच्या पगारातून कापलेल्या चार रुपयांनी यावलच्या मजुराची चौकडी भरत होती, आणि कारकून त्याबद्दल कुरकुरतही होता. गावात तलाठ्याकडे नमुना नंबर चार भरावयाचा, पंधरा दिवसांत काम द्यावयाचे, न दिल्यास दिवसाला किमान एक रुपया बेकारी भत्ता. तो रुपया किती जणांनी प्रत्यक्ष हातात घेतला हा वेगळा विषय आहे. नमुना चारची पोच न देण्याची कला काही दप्तरांनी लवकरच आत्मसात केली. तेवढ्यात दिल्लीहून एक बळकट आधार आला. राजस्थानातल्या दुष्काळी कामांवर किमान वेतनापेक्षा कमी मजुरी दिली गेली, त्या प्रकरणी १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, संकटात सापडलेल्या माणसाकडून किमान दराखाली काम करून घेणे ही घटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरविलेली वेठबिगारच होय. उपासमारीने आलेली संमती ही संमती नव्हे, हा न्यायमूर्ती भगवतींच्या निवाड्याचा गाभा आहे.

मग मे १९८८ उजाडला. शेतमजुरीचे किमान दर एकदम दुपटीवर गेले आणि त्यांच्याशी बांधलेले रोजगार हमीचे दरही त्याबरोबर दुप्पट झाले. खान्देशात पेढे वाटावेत अशी ही वार्ता. पण पुढे मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थशास्त्रज्ञांनी हमीच्या हजेरीचे आकडे तपासले, तेव्हा त्यांना आढळले की दरवाढीनंतर कामावरची माणसे घटली आहेत, आणि ती घट मजुरांना काम नको होते म्हणून झालेली नाही. काम मागणारे उभे होते, काम निघत नव्हते. तिजोरी तेवढीच, दर दुप्पट, तेव्हा हमीच्या नावाखाली शिधावाटप सुरू झाले. या निष्कर्षाचा उपयोग किमान वेतनाच्या विरोधकांनी भरपूर केला, आणि त्यांना नुसते भांडवलदारांचे हस्तक म्हणून झटकून टाकणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. दर वाढविणाऱ्याने तिजोरीही वाढवावयास हवी होती; ती न वाढविता आकडा तेवढा वाढविणे म्हणजे पंगतीत जिलबी वाढावयाची आणि पाने कमी मांडावयाची. दोष जिलबीचा नव्हे. परंतु पानावाचून उभ्या राहिलेल्या बाईला हा युक्तिवाद ऐकवून तिचे पोट भरणार नव्हते, हेही तितकेच खरे.

त्यानंतर पुष्कळ बदलले. १९९८ मध्ये शहादे नव्या नंदुरबार जिल्ह्यात गेले. २००३ मध्ये जळगावची नगरपालिका महानगरपालिका झाली. आणि किमान वेतनाच्या अधिसूचनांत परिमंडळे शहराच्या दर्जावरून पडत असल्यामुळे, हद्दीच्या एका बाजूच्या डाळ गिरणीत पोते उचलणाऱ्याचा कायदेशीर दर दुसऱ्या बाजूपेक्षा वेगळा असू शकतो, पोत्याचे वजन मात्र दोन्हीकडे सारखेच असते. १९४८ च्या अधिनियमाची जागा घेणारी वेतनसंहिता संसदेने २०१९ मध्ये संमत केली. आणि आखाजीच्या सुमारास आता तक्रार करतो तो मालक: सालदार मिळत नाही, पोरे कंपनीत जातात, जो मिळतो तो लाखाच्या घरातली रक्कम मागतो. पारावर हा आकडा सांगताना मालकाच्या स्वरात जो विस्मय असतो, तो अगदी खरा असतो.

एका आखाजीला पिंप्राळ्याच्या बाजूस अशाच एका ओट्यावर मी बसलो होतो. सौदा एक लाखावर तुटला. दादर आणि धोतर ही जुनी लेणी केव्हाच गळून पडली होती. मालक म्हणाला, ‘पाहा, लाख रुपये!’ पायरीवर बसलेल्याच्या हातात मोबाइल होता. तो खाली मान घालून बसला होता खरा, पण यावेळी तो यंत्रावर भागाकार करीत होता. लाखाला तीनशे पासष्टाने भागले म्हणजे दिवसाला दोनशे चौऱ्याहत्तर रुपये येतात. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२४-२५ साली दोनशे सत्त्याण्णव होता. त्याने तो आकडा मालकाला दाखविला नाही, मध्यस्थाकडे सरकविला. मध्यस्थाने चष्मा कपाळावर चढवून तो दोनदा वाचला, आणि मग मालकाकडे वळून म्हणाला, ‘दाजी, जरा आठवड्याच्या सुटीचं बोलून घेऊ.’